नागपूरच्या बाई

उन्मेष आमच्या दारात चप्पल काढायचा ती नेहमी तोंड बाहेर करून. आधी वळायचा, घराकडे पाठ करायचा, मग चप्पल सोडून उलट्या पावलाने आत यायचा. सुमन म्हणायची, शिस्तीचा आहे. मी म्हणायचो, निघायच्या घाईत आहे. आता सुमन नाही, वाद घालायला कोणी नाही, तेव्हा माझंच बरोबर होतं असं लिहून टाकतो.

सुमन माझी बायको. उन्मेष आमचा मागचा शेजारी. बडोद्यात पाणीगेटला आमची घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. त्यांची गच्ची आणि आमची गच्ची यांच्या मधे कमरेइतका कठडा. त्याच्यावरून वाट्या जायच्या, वाट्या यायच्या. त्याचे पणजोबा संस्थानच्या वेळी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते, पगडीतला फोटो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे. हा मात्र मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबाचा कॉम्प्युटर सांभाळायचा. एक दिवस ते सोडलं आणि माडीवर जाऊन बसला. वय चाळिशीला टेकलेलं, बायको शाळेत शिकवायला जायची, हा दिवसभर घरात. गल्लीतले लोक काय म्हणत असतील ते सांगायला नको.

मला तो आवडायचा, कारण मीही घरीच होतो. मी टर्नर, मकरपुऱ्यालाच लेथवर आयुष्य काढलं. देश खुला झाला म्हणाले, बाहेरच्या मशिनी आल्या, आणि आमच्यासारख्यांना हार घालून घरी पाठवलं. तेव्हा भर दुपारी चहाला येणारा आणखी एक पुरुष मिळाला तर कोणाला नको असतो?

तो झोपाळ्यावर बसायचा, पण एक पाय जमिनीवर रोवून ठेवायचा. झोपाळा हलूच द्यायचा नाही. चहा निवून गार झाला तरी फुंकर मारून प्यायचा. आणि घरात असेल तोवर मराठी, दारापुढच्या ओटल्यावरून पाय खाली पडला की गुजराती. मागून मी हाक मारली तरी उत्तर गुजरातीत. सुमन म्हणायची, "उंबऱ्यात जीभ पण काढून ठेवतोस का रे चपलेसारखी?" त्यावर तो हसायचा आणि म्हणायचा, "काकू, मराठी घरच्यांसाठी ठेवलीय. बाहेर वापरून झिजते."

असं गोड बोलायचा.

तेव्हा बोटाने चालणारे फोन नुकतेच घरोघर येत होते. आमच्या मुलीने सुमनला एक पाठवला. सुमनला विसरायची फार सवय. गॅसवर दूध ठेवलंय हे विसरणार, व्याह्यांकडे मुंज आहे हे विसरणार. उन्मेष म्हणाला, "काकू, मी एक अ‍ॅप करतोय. टिपण नाव. उघडलं की कोरं पान. लिहा, ठेवा, शोधा, पुसा. बास, पाचवी गोष्ट नाही."

"एवढ्यासाठी नोकरी सोडलीस?" मी विचारलं.

"साधं ठेवायला फार डोकं लागतं, काका. बाकीचे सगळे वाढवत बसतात."

तो आपला एक जुना फोन घेऊन आला, तपासणीचा. कोपरा फुटलेला, पाठीवर रबराचं कव्हर. सुमन पोळ्या लाटत होती. हात कणकेचे, तर तिने करंगळीने दाबून बघितलं. काहीतरी लिहिलं, पुसायला गेली, तर फोनवर अक्षरं आली: आपण ही नोंद कायमची हटवू इच्छिता?

सुमन म्हणाली, "हे कोण बोलतंय? मामलेदार?"

"सगळ्यांत असंच असतं, काकू."

"असेना. माझ्या फोनमधे मामलेदार कशाला? मी घाबरून पुसणारच नाही."

"मग तुम्ही कसं विचाराल?"

ती पोळी उलटत म्हणाली, "मी म्हणेन, पुसू का? बघा हं, मग माझ्या नावाने ओरडू नका."

त्याने ते तिथल्या तिथे उतरवून घेतलं. आम्हाला वाटलं गंमत करतोय. चार-आठ दिवसांनी नवं टिपण घेऊन आला, सुमनने करंगळीने दाबलं, आणि फोनमधे तेच: पुसू का? बघा हं, मग माझ्या नावाने ओरडू नका. सुमन इतकी हसली की तव्यावरची पोळी जळली.

मग तो नादच लागला. अ‍ॅपला जिथे जिथे बोलावं लागतं तिथे तिथे सुमन बोलायला लागली. शोधलेलं सापडलं नाही तर: इथे नाही. उशाखाली बघा. जागा भरली तर: घर भरलं. आधी जुनं काढा, मग नवं आणा. मधेच बंद पडलं तर: जरा पाय घसरला. पुन्हा उघडा. कोणी नुसतंच पान उघडून बसलं तर: सुचेल, घाई काय आहे. ती भाजी निवडत बोलायची आणि तो झोपाळ्यावर पाय रोवून लिहून घ्यायचा. गुजराती शिकलेली, चौथीपर्यंतची बाई. पण तिचं बोलणं कुठेकुठे जाऊन पोचलं. त्यानेच सांगितलं, पुणे, सोलापूर, बाहेरदेशी पण.

दर वेळी नवं काही केलं की बाजारात सोडायच्या आधी तो ते सुमनकडे आणायचा. पास की नापास ते ती ठरवायची. एकदा त्याने फार कष्ट घेतले. रंगीत कप्पे केले, कप्प्यात कप्पे, वर छोटी चित्रं. सुमनने करंगळी फिरवली आणि म्हणाली, "एवढे खण कशाला? माझ्या मसाल्याच्या डब्यात सुद्धा सातच वाट्या आहेत, आणि त्यातली एक रिकामी." दुसऱ्या दिवशी कप्पे गेले. वाद नाही, तोंड वाकडं नाही. मी कारखान्यात असा साहेब बघितला नव्हता. सांगेल ते ऐकतो, आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव घेतो. तेव्हा मला त्याच्याबद्दल जे वाटलं ते मी आता लिहिणार नाही.

त्या सुमारास नागपूरच्या बाई आल्या.

अ‍ॅप वापरणारे लोक खाली आपलं मत लिहितात, तारे देतात. उन्मेष चहाबरोबर ते वाचून दाखवायचा. एकदा वाचलं, "नागपूरच्या एक बाई लिहितात, तुमचं टिपण पुसताना विचारतं तेव्हा आई पाठीमागे उभी आहे असं वाटतं."

सुमनचा हात थांबला. "कोण बाई?"

"नाव नाही लिहिलं."

"विचार ना."

त्याने विचारलं म्हणे. बाईंना नाव सांगायचं नव्हतं. पण दर नव्या टिपणाला त्या काहीतरी लिहायच्या. मुलगी शिकायला परगावी गेली. गुडघा दुखतो. चष्म्याचा नंबर वाढला. सुमन लगेच म्हणाली, "मग अक्षर मोठं कर की. बिचारीने डोळे किती ताणायचे?" अक्षर मोठं झालं. बाईंनी लिहिलं, आता झकास दिसतं, ज्यांनी सुचवलं त्यांना नमस्कार सांगा. सुमनने कणकेच्या हातांनी त्या फोनलाच नमस्कार केला. म्हणजे मी नवरा, मला आयुष्यात नमस्कार एकदा लग्नात मिळाला, आणि नागपूरच्या बाईंना दर महिन्याला.

ती त्यांच्याबद्दल असं बोलायची जशी पलीकडच्या गल्लीत राहतात. "आज नागपूरला ऊन असेल, बाईंनी बाहेर पडू नये." मी म्हणायचो, "तुझी ती बाई तुला ओळखत पण नाही." ती म्हणायची, "तुम्ही तरी कुठे ओळखता?"

एका संक्रांतीला तिने गुळाच्या वड्या केल्या. आमच्याकडे दोन दिवस पतंगांचा धुमाकूळ, पण तिने आधी वड्या थापल्या. स्टीलचा छोटा डबा भरला, झाकणाला फडकं बांधलं, आणि उन्मेषला म्हणाली, "नागपूरला."

"पत्ता देत नाहीत हो त्या."

"मग तू काय करायचं ते कर. वर्षभर माझ्याशी गोड बोलतात आणि त्यांना तिळगुळ नाही?"

त्याने फार वेळ त्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, एक मित्र नागपूरला निघालाय, त्याच्या हाती देतो. तो कुठूनतरी पोचवेल.

आठवड्याभराने डबा परत आला. घासलेला, त्याच फडक्यात, आत संत्री. रिकामा डबा कोणी परत करत नाही हे बाईंना कळत होतं, म्हणजे चांगल्या घरच्या आहेत, असं सुमन म्हणाली. तिने त्या संत्र्यांच्या फोडी सगळ्या गल्लीत वाटल्या. "नागपूरची आहेत, चवच वेगळी." मला अर्धी फोड मिळाली. साली तिने वाळवून डब्यात ठेवल्या, अंगाला लावायच्या उटण्यात घालायला.

पुढे ती आजारी पडली. आजाराचं लिहीत नाही. आजार सगळ्यांचे सारखेच असतात, आणि दवाखान्यात माझ्यासारख्याला कोणी काही नीट सांगत नाही. शेवटी शेवटी तिला फोन धरवत नव्हता. तरी उन्मेषने आणलेलं टिपण तिने करंगळीने दाबून बघितलं आणि मान हलवली. पास.

ती गेली त्यानंतर तो रोज येत होता. तेराव्याला वाढायला उभा राहिला, घरच्यासारखा. पंगत उठल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "नागपूरच्या बाईंना कळव. त्यांना माहीत असायला हवं."

तो ओटल्यावर गेला. माझ्याकडे पाठ करून फोनमधे काहीतरी करत राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

"कळवलं, काका. खूप रडल्या."

मला तेव्हा एवढं बरं वाटलं की काय सांगू. माझ्या नात्यातले येऊन गेले, जेवून गेले. पण कुठेतरी नागपूरला एक बाई, जिने सुमनला बघितलं नाही, ती तिच्यासाठी रडली. ते मला पुरलं. त्याच्यावर मी दिवस काढले.

आणि त्याने माझा हात धरून आणखी एक सांगितलं. "काकूंचे शब्द राहतील. मी आहे तोवर त्यातलं एक अक्षर हलणार नाही."

मी कधी फोनला हात लावत नव्हतो. आता लावायला लागलो. संध्याकाळी चहा करायचा, एकट्याचा. सुमनचा फोन घ्यायचा. टिपण उघडायचं, क लिहायचा. आणि पुसायला जायचं. पुसू का? बघा हं, मग माझ्या नावाने ओरडू नका. मी म्हणायचो, नाही ओरडत. मग पुसायचो. मग पुन्हा क लिहायचा. कधी नुसतं पान उघडून बसायचो, की ती म्हणायची, सुचेल, घाई काय आहे. मला वाचायला वेळ लागतो, अक्षर अक्षर लावून वाचतो. बरंच होतं, तेवढा वेळ ती बोलत राहायची.

मधल्या काळात उन्मेषचं येणं कमी झालं. त्याने शहराच्या त्या बाजूला ऑफिस घेतलं, मग तिकडेच फ्लॅट. मागच्या घराला कुलूप. मी मनात म्हटलं, माणूस वर चढतो तेव्हा जिने बदलतो. राग नव्हता.

एका संध्याकाळी टिपण उघडलं तर पान निळं. वर कोणाचातरी शिक्का. तुमचा पत्ता द्या, परवलीचा शब्द द्या. ते कसंबसं ओलांडलं आणि क लिहिला. पुसायला गेलो.

आपण ही नोंद कायमची हटवू इच्छिता?

मामलेदार परत आला होता.

मी बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. नसलेलं काहीतरी शोधून बघितलं, की उशाखाली बघा म्हणेल. परिणाम आढळले नाहीत, असं आलं. रिक्षा केली आणि त्याच्या ऑफिसला गेलो.

काचेचं दार, आत गारठा. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी म्हटलं, "बोलणं बदललंय."

"हो काका. मी तुम्हाला सांगणारच होतो."

"कधी?"

तो खुर्चीत बसला. मग हळूहळू सांगितलं. अ‍ॅप विकलं. ज्यांनी घेतलं त्यांना सगळ्या भाषांत एकसारखं हवं. नवं रूप त्यानेच करून दिलं, त्याच्याच हाताने. तिचे शब्द त्यानेच एकेक करून काढले.

"तू तेराव्याला हात धरून काय म्हणाला होतास?"

"काका, ते मी खरंच मनापासून म्हटलं होतं."

"मग आता हे कोणाच्या मनापासून?"

त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. लोकांची मतं होती. मी अक्षर अक्षर लावून वाचली. एक तारा, हे अ‍ॅप उद्धट आहे. एक तारा, माझ्या सासूसारखं बोलतं. एक तारा, उशाखाली काय बघा, चेष्टा आहे का. अशी खाली खाली कितीतरी. तारखा सुमन जिवंत असतानाच्या.

"ही वाचून दाखवली नाहीस कधी."

"कशी दाखवणार? काकू पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या."

ते मी त्याला माफ केलं असतं. खरंच केलं असतं. कामावर नव्या माणसाचा लेथवरचा जॉब बिघडला तर आम्हीही लपवायचो. मला एकच गोष्ट सुचली, आणि मी ती मोठ्या आशेने विचारली. "नागपूरच्या बाईंनी तरी लिहिलं असेल ना? हे असं बदलल्यावर? त्या गप्प बसायच्या नाहीत."

त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि फुंकर मारली. गार पाण्यावर.

"नागपूरच्या बाई नव्हत्या, काका."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "नव्हत्या म्हणजे? गेल्या?"

"कधीच नव्हत्या. पहिल्या दिवशी सगळी वाईटच मतं होती. काकू विचारत होत्या काय लिहिलंय म्हणून. तेव्हा तोंडाला आलं ते बोललो. मग त्या रोज विचारायला लागल्या."

"आणि संत्री?"

"इथलीच, खंडेराव मार्केटची."

"आणि वड्या?"

"मी खाल्ल्या. माडीवर बसून."

"आणि ती रडली, ती?"

त्याने ग्लास खाली ठेवला. त्याचं उत्तर त्यालाच माहीत असेल. मला एवढं कळलं की त्या दिवशी ओटल्यावर पाठ करून त्याने कोणाला काही कळवलं नव्हतं. माझ्या बायकोसाठी नागपुरात कोणी रडलं नव्हतं. मी ज्याच्यावर दिवस काढले ते त्याच्या तोंडाला आलं म्हणून आलं होतं. लोक म्हणतील, त्याने चांगल्यासाठी केलं. सुमन सुखात गेली की नाही? गेली. पण मी मागे राहिलो ना. मागे राहणाऱ्याला खोटं पुरवून पुरवून वापरावं लागतं, आणि हे मधेच फाटलं.

उठताना मी म्हटलं, "मला जुनं दे. एका फोनपुरतं. तिच्या फोनमधे घालून दे, मी कोणाला दाखवणार नाही."

"नाही देता येत, काका. तसं लिहून दिलंय. आणि जुनं आता कुठेच उरलं नाही. माझ्याकडेही नाही."

दारापर्यंत सोडायला आला. काचेच्या दाराबाहेर पाऊल पडलं तसा म्हणाला, "आवजो काका." इतकी वर्षं मी त्याची ती बाहेरची गुजराती ऐकत होतो, पण ती मला उद्देशून आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

त्यानंतर बोलणं नाही. घरात वाळवलेल्या संत्र्याच्या सालींचा डबा होता, तो मी फेकला नाही. सुमनने ठेवलेलं आहे, त्यात सालींचा काय दोष.

मग उत्तरायण आली, पतंगांची संक्रांत. बडोद्यात त्या दिवशी ज्याने शहर सोडलं नाही तो गच्चीवर असतो, आणि पतंगाला जुन्या वस्तीची गच्ची लागते, फ्लॅटवाल्यांना सुद्धा. मागच्या घराचं कुलूप निघालं. उन्मेषची बायको, तिचे भाऊ, सगळे आले. गाणी, आरडाओरडा, काप्यो काप्यो. मी दिवसभर खालीच बसलो. ऊन कलल्यावर वाळत घातलेले कपडे काढायला वर गेलो.

बाकीचे त्यांच्या गच्चीच्या पुढच्या कडेला होते, पेच बघत. उन्मेष एकटा मागे, टाकीच्या सावलीत, आमच्या कठड्यापासून जेमतेम दोन हातांवर. मांजाने कापू नये म्हणून बोटांना पट्ट्या गुंडाळल्या होत्या. हातात फोन होता. त्याचा रोजचा नव्हे. कोपरा फुटलेला, रबराचं कव्हर, आणि कव्हरवर हळदीचा डाग. तो डाग मी ओळखतो. तो माझ्या स्वयंपाकघरातला आहे.

त्याने काहीतरी लिहिलं. एखादंच अक्षर असेल. मग करंगळीने दाबलं. पट्ट्या होत्या म्हणून करंगळी, हे मला समजतं. पण सुमन दाबायची तसंच, बाकीची बोटं वर धरून. दाबलं आणि थांबला. ओठ हलले. हसला थोडासा. मग पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा दाबलं.

कुठेच उरलं नाही म्हणाला होता.

मी दोरीवरचा सदरा हातात धरून उभा होतो. कठडा कमरेइतकाच आहे. हात पुढे केला असता तर फोन माझ्या हातात आला असता, किंवा त्याने तरी दिला असता. तेवढ्यात त्याने वर बघितलं. मला बघितलं. माझ्या हातातला सदरा बघितला. फोन सावकाश खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवला, जसं गर्दीत ठेवतात.

"केम छो, काका?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "मजामा."